फेच विनंतीतील त्रुटी-हाताळणी

जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे माहिती मागण्यासाठी ‘फेच’ हे फंक्शन वापरतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते २०१५ साली आले. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) २०२२ च्या १८व्या आवृत्तीपासून वेगळे काही न बसवता मिळू लागले. याच कामाच्या जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टपेक्षा ते लिहायला सुटसुटीत आहे, पण त्रुटींच्या बाबतीत नवख्याला हमखास चकवते.

फेच एक प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या निकालाची हमी, परत देते. पान सापडले नाही (४०४) किंवा सर्व्हरच कोलमडला (५००), तरी हे प्रॉमिस रिजेक्ट (अयशस्वी) होत नाही आणि त्रुटी पकडणाऱ्या ‘कॅच’मधला कोड चालतच नाही. फेचच्या लेखी पत्र पोचले, उत्तर आले, काम संपले. उत्तर नकाराचे आहे का, हे पाहणे आपल्याकडे. त्यासाठी प्रतिसादाचा ‘ओके’ हा गुणधर्म तपासतात. स्टेटस कोड २०० ते २९९ मध्ये असेल तरच तो ‘ट्रू’ असतो. नसेल तर आपणच ‘थ्रो’ने एरर टाकायचा. ही एक ओळ राहून गेली की सर्व्हरने पाठवलेले एचटीएमएलचे पान जेसन (माहिती देवाणघेवाणीचे मजकूर-स्वरूप) समजून वाचले जाते आणि सिंटॅक्सएरर येतो. दोष एकीकडे, शोधाशोध भलतीकडे. अ‍ॅक्सिऑस ही लायब्ररी मात्र अशा उत्तरांना आपसूक त्रुटी मानते, आणि रोजच्या कामाला तेच सोयीचे पडते.

प्रॉमिस रिजेक्ट होते ते उत्तरच हाती न आल्यावर: इंटरनेट बंद आहे, डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) पत्ता मिळाला नाही, किंवा सीओआरएसच्या, म्हणजे दुसऱ्या साइटचे उत्तर तिच्या परवानगीशिवाय वाचू न देण्याच्या, नियमाने ब्राउझरने उत्तर अडवले. तिन्ही वेळा येतो तो टाइपएररच. दुसऱ्या साइटचा तपशील स्क्रिप्टला कळू नये म्हणून सीओआरएसबाबत हे मोघमपण मुद्दाम ठेवलेले आहे. खरे कारण कन्सोलमध्ये दिसते. शिवाय फेचचे प्रॉमिस हेडर (मजकुराआधी येणारी उत्तराची माहिती) येताच पूर्ण होते. मजकूर उतरताना जोडणी तुटली तर एरर पुढच्या, म्हणजे ‘जेसन()’च्या ओळीवर येतो. म्हणून ‘ट्राय’मध्ये दोन्ही ओळी हव्यात.

मुदत घालायची तर ‘अ‍ॅबॉर्टसिग्नल.टाइमआउट(५०००)’ देतात, ५ सेकंदांनी टाइमआउटएरर मिळतो.

४२९ (फार विनंत्या झाल्या) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आल्यास ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असेल तर तेवढे, नाहीतर १, २, ४ सेकंद असे वाढते थांबून पुन्हा विनंती करतात. ४०४ वर पुन्हापुन्हा विचारणे फुकट. सर्व्हरवर नोंद करणारी पोस्ट विनंती मात्र जपून: टाइमआउट झाला तरी सर्व्हरने ऑर्डर नोंदवलेली असू शकते, आणि दुसऱ्या प्रयत्नात पैसे दोनदा कापले जातात. म्हणून पेमेंटच्या अनेक सेवा प्रत्येक व्यवहारासोबत एक वेगळी ‘की’ (ओळखखूण) घेतात. तीच ‘की’ पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता आधीचेच उत्तर परत देतात.