कोकणातल्या जुन्या खिडक्या: ठेवायच्या की काढायच्या?

गावाकडच्या घरात एसी आला की सागवानी खिडक्यांवर संक्रांत येते. ‘सगळं काढा, दुहेरी काचेची नवी खिडकी बसवा,’ हा सल्ला लगेच मिळतो. माझं मत: चौकट धड असेल तर तिला हात लावू नका.

दुहेरी काचेत खरं काम करते मधली कोंडलेली हवा. काचेच्या मानाने हवेतून उष्णता सुमारे 40 पट कमी वाहते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण 5.7 वॅट उष्णता जाते, दुहेरीतून निम्मी. युरोपच्या हिवाळ्यात हा फरक 20 अंशांवर जातो, तिथे दुहेरी काच हवीच. रत्नागिरीत मे महिन्यात बाहेर 33 आणि खोलीत 25 धरले, तर फरक 8 अंशांचा. म्हणजे वाचले जेमतेम 23 वॅट. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतरचं ऊन मात्र चौरस मीटरला 500 वॅटच्या वर पडतं आणि साध्या दुहेरी काचेतून त्यातलं बरंचसं आत येतं. ते बाहेरच अडवायला हवं: पडवी, छज्जा, लाकडी झडप.

जुन्या झडपेतच दुहेरी काच बसवणं तर फारच अवघड. 5 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधली 12 ची पोकळी मिळून जाडी 22 होते. जुनी खाच 3-4 मिलिमीटरच्या काचेसाठी कोरलेली. वजन चौरस मीटरला 10 किलोवरून 25 वर जातं, बिजागऱ्या वाकतात. पावसाळ्यात खालच्या खाचेत पाणी साचून काचेची कड भिजत राहते, सील सुटतं आणि आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खी काचच बदलावी लागते.

त्यापेक्षा आतल्या बाजूने वेगळी, उघडता येणारी काचेची झडप लावावी. चिऱ्याच्या जाड भिंतीत तिला जागा आयतीच असते. दोन काचांत 100 मिलिमीटर अंतर पडलं, तर महामार्गावरच्या ट्रकचा आवाजही चांगलाच कमी होतो.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पेचकस टोचून बघा. तो भुसभुशीत आत गेला, वाळवीची माती निघाली, तर मात्र खिडकी बदलाच. पण साधं ॲल्युमिनियम नको: उष्णता सागवानाच्या हजारपट नेतं, खाऱ्या हवेत त्याला खड्डे पडतात आणि लोखंडी स्क्रू असले तर त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियमच आधी झिजतं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, बरी.

आणि सुताराला डिसेंबरनंतर बोलवा. जुलैत फुगलेली झडप रंधून बसती केली, की उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि एसीची गार हवा त्या फटीतून निघून जाते.