चालत्या मशीनला हात लावावा का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींचा एक ठाम नियम असतो: मशीन चालतंय तोवर त्याला हात लावायचा नाही. डिप्लोमा करून आलेल्या पोराच्या हातात मात्र पीएमचं, म्हणजे बिघडण्याआधीच करायच्या देखभालीचं (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स), वेळापत्रक असतं. अमुक तासांनी मोटर उघडा, तमुक महिन्यांनी बेरिंग बदला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत हा वाद ऐकायला मिळतो आणि बहुतेक वेळा मिस्त्रीला जुनाट ठरवून मिटतो. पण आकडेवारी मिस्त्रीच्या बाजूनेही बरंच काही बोलते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची कोस्टल कमांड अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची. तिथली विमानं हँगरमध्येच फार वेळ अडकतात, म्हणून शास्त्रज्ञांना कामाला लावलं गेलं. त्यांत कॉनराड वॉडिंग्टन होते, मूळचे भ्रूणशास्त्रज्ञ. दर ५० उड्डाण-तासांनी लिबरेटर विमानांची ठरलेली तपासणी व्हायची. वॉडिंग्टन यांच्या गटाने अचानक उद्भवलेल्या बिघाडांचा आलेख काढला तेव्हा दिसलं भलतंच. तपासणी झाल्या झाल्या बिघाड एकदम वाढायचे आणि मग पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू कमी होत जायचे. म्हणजे चांगलं चाललेलं विमान उघडून बसवताना नवी खोड लावली जात होती. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, अनावश्यक कामं वगळली, आणि विमानं जास्त उडू लागली.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नॉलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग वय वाढेल तसे जास्त बिघडत होते. उरलेल्या ८९ टक्क्यांत वयाचा आणि बिघाडाचा तसा संबंध दिसला नाही. उलट ६८ टक्के भागांना सर्वात मोठा धोका होता तो अगदी नवे असताना. हे आकडे जसेच्या तसे आपल्या ओतकामाच्या फाउंड्रीला लावू नयेत. विमानात वाळूची धूळ नसते, आणि मोल्डिंगच्या वाळूतली सिलिका बेरिंगच्या पोलादापेक्षाही कठीण असते. पण ‘जुनं झालं म्हणजे बिघडणारच’ हे गृहीत धरून सगळ्या कारखान्याचं वेळापत्रक बांधणं चूक, एवढं त्यातून नक्की कळतं.

बेरिंगचंच घ्या. कॅटलॉगमध्ये त्याचं आयुष्य, समजा, १०,००० तास दिलेलं असतं. बहुतेकांना वाटतं, तेवढ्या तासांनी ते जाणार. खरा अर्थ असा की एकाच प्रकारची, एकाच भाराखाली फिरणारी १० बेरिंगं घेतली तर तेवढ्या वेळात त्यातलं सरासरी १ जाईल. निम्मी जायला साधारण पाचपट वेळ लागतो. मग १०,००० तास झाले म्हणून सगळी बदलली, तर ९ चांगली भंगारात जातात आणि त्यांच्या जागी ९ नवी येतात, जी नीट बसतीलच याची खात्री नाही. शाफ्टवर बेरिंग चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की तो दणका गोळ्यांमधून आतल्या रिंगपर्यंत जातो आणि गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या खाचेवर बारीक खड्डे पडतात. खरं तर ते तापवून चढवायचं असतं, साधारण ११० अंशांपर्यंत. ग्रीसचंही तेच. जागा ठासून भरली की ग्रीस घुसळलं जातं, तापतं, पातळ होऊन वाहून जातं. गोळ्यांच्या बेरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, त्यामुळे पट्टा अतिताणून भार दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. वर्षभर वेळापत्रक काटेकोर पाळलं तरी ही भरपाई होत नाही.

काही गोष्टी मात्र खरोखर झिजतात आणि तिथे मिस्त्रीचा नियम घातक ठरतो. इंडक्शन भट्टीचं अस्तर हे त्यातलं पहिलं. सुमारे १५०० अंशांचा लोखंडाचा रस आणि तांब्याच्या कॉइलमधून खेळणारं थंड पाणी यांच्यामध्ये सिलिकाच्या रॅमिंग मासची, म्हणजे ठोकून बसवलेल्या भुकटीची, एक भिंत असते, आणि ती हीटगणिक, म्हणजे रसाच्या प्रत्येक घाण्यागणिक, पातळ होते. तिथे हीट मोजायच्या, जाडी मोजायची आणि मर्यादा आली की ‘अजून चार हीट काढू’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. रस पाण्यापर्यंत पोचला तर वाफेचा स्फोट होतो. त्यात माणसं मरतात.

बाकीच्या यंत्रांसाठी वेळापत्रकापेक्षा कान उपयोगी. तोच मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. त्याचा नियम खरा दोन भागांचा आहे: हात लावायचा नाही, पण ऐकत राहायचं. पुढच्या पिढीने सोयीचा पहिला भाग तेवढा उचलला.

आज त्या स्क्रू ड्रायव्हरच्या जागी कंपनं मोजणारा व्हायब्रेशन मीटर आला आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४. बेरिंगमध्ये ८ गोळ्या असतील आणि बाहेरच्या स्थिर रिंगवर एक खड्डा पडला असेल, तर त्या खड्ड्यावरून सेकंदाला साधारण ७७ वेळा गोळी जाते आणि तेवढे बारीक ठोके उमटतात. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर ठोके ११५ च्या आसपास. म्हणजे मोटर न उघडता, न थांबवता, नेमकी कुठली रिंग गेली तेही सांगता येतं. ठोके आधी मीटरला कळतात, मग कानाला आणि शेवटी हाताला चटका बसतो. पहिल्या खुणेपासून मोडण्यापर्यंत दोन महिने मिळत असतील तर मोजमाप निदान महिन्याला हवं. वर्षाला एकदा मोजून फाइलला लावलेल्या रिपोर्टचा उपयोग ऑडिटपुरताच. खंडेनवमीला मशीन पुसून काढताना सैल नट, तेलाची गळती, तडा असं बरंच सापडतं. जपानी पद्धतीच्या ‘जेएच’मध्ये (जिशु होझेन, म्हणजे ऑपरेटरनेच मशीनची निगा राखणं) ऑपरेटरने हीच पुसापुशी रोज करायची असते.

ऊस गाळणाऱ्या मिलपाशी मात्र हा मीटर अडखळतो. तिथला रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, ठोके इतके मंद आणि क्षीण असतात की आसपासच्या गोंगाटात हरवतात. गाळप चालू असताना मिल थांबवावी तर गव्हाणीवर आणि यार्डात पडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते. म्हणून तिथे बुशचं, म्हणजे रोलरचा दांडा ज्यात फिरतो त्या कवचाचं, तापमान आणि तेलात उतरणारे धातूचे कण यांवर नजर ठेवतात, आणि रोलर उचलून झिजलेल्या खाचा पाहायचं काम हंगाम संपेपर्यंत राखून ठेवतात.