सामायिक पाणी की सामायिक हवा? घरातल्या अनेक फिशटँकचे फिल्टर आणि हीटर

घरात एकाची दोन आणि दोनाच्या सहा टाक्या झाल्या की प्रत्येक टाकीला वेगळा मोटर-फिल्टर आणि वेगळी वायर जोडणे नकोसे होते, आणि सगळ्यांचे काम एकाच यंत्रावर चालेल अशी मांडणी करावीशी वाटते. अशा मांडण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिलीत एक पंप रॅकच्या तळाशी असलेल्या टाकीतले, म्हणजे संपातले, पाणी वरच्या सर्व टाक्यांना पुरवतो आणि ते ओव्हरफ्लोने, म्हणजे जास्तीचे पाणी खाली नेणाऱ्या नळीने, परत संपात येते. दुसरीत एक मोठा एअर पंप सर्व टाक्यांमधल्या स्पंज फिल्टरना हवा पुरवतो, आणि वर चढणारे बुडबुडे टाकीतले पाणी स्पंजातून ओढतात. दोन्हींत मधोमध एक यंत्र असते, भिंतीलगत पीव्हीसी पाइप गेलेला असतो आणि प्रत्येक टाकीला त्याचा एक फाटा असतो. त्यामुळे बाहेरून त्या सारख्याच दिसतात आणि एकीचे नियम दुसरीला लावले जातात. फरक मात्र मुळातला आहे. पहिलीत सहा टाक्यांचे पाणी एकच असते, तर दुसरीत सहा टाक्यांत सहा वेगळी पाणी असतात आणि सामायिक असते ती फक्त हवा.

गाळण्याचे काम दोन्हीकडे जिवाणूच करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे ते नायट्राइट आणि नंतर त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि नव्या फिल्टरमध्ये त्यांची पुरेशी वसाहत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. संपात ही वसाहत एकाच जागी, सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजच्या थरांवर, मोठ्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच रॅकवर आणखी एक टाकी जोडली तर ती पहिल्या दिवसापासून जुन्या पाण्यावर चालते. स्पंज फिल्टरच्या मांडणीत प्रत्येक टाकीची वसाहत स्वतंत्र असते. नवी टाकी लावताना जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज काही आठवडे तिच्यात ठेवता येतो, आणि ही सोय कमी महत्त्वाची नाही. स्पंज धुताना मात्र तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नाशिकमध्ये गंगापूर धरणातून येणारे पाणी महापालिका क्लोरीन घालूनच देते, आणि नळाखाली धुतलेल्या स्पंजातले जिवाणू त्या क्लोरीनने मरतात.

रोगाच्या बाबतीत दोन्हींमधले अंतर सर्वात मोठे आहे. थंडीत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी पाण्यातून पोहत दुसऱ्या माशाकडे जातो. पाणी सामायिक असेल तर एका टाकीत सोडलेला आजारी मासा सहाही टाक्यांचा प्रश्न होतो. यूव्ही दिव्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. औषधही सहाही टाक्यांत पसरते, आणि तांबेयुक्त औषध असेल तर कुठल्यातरी टाकीतल्या गोगलगायी आणि झिंगे त्याने मरतात. हवेच्या नळीतून असा संसर्ग जात नाही. एकच जाळी सहा टाक्यांत फिरवण्याची सवय तेवढी सोडावी लागते.

हीटरचा विचार यानंतर करावा, कारण उष्णता पाण्याबरोबर जाते, हवेबरोबर नाही. एअर पंपाच्या बुडबुड्यांनी टाकी गरम होत नाही, उलट बाष्पीभवन वाढून ती किंचित थंड होते. म्हणून सामायिक हवेच्या मांडणीत ज्या टाकीला ऊब हवी तिच्यात तिचा स्वतःचा हीटर लागतो, आणि सामायिक पाण्याच्या मांडणीत संपातले हीटर सगळ्यांना पुरतात.

नाशिकमध्ये हा प्रश्न मुंबईपेक्षा अधिक टोकाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा घसरतो आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, तेव्हा शहरातही रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आणि दुपारचे अठ्ठावीस असू शकते. घरात ती तफावत कमी असते. तरी गॅलरीलगतच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचे पाणी रात्रीत अठरा-वीस अंशांवर येते. गोल्डफिशला ते चालते. गप्पीला चोवीस ते सव्वीस अंश हवेत आणि डिस्कसला अठ्ठावीस ते तीस. संपावरच्या सर्व टाक्यांना एकच तापमान मिळते, त्यामुळे गोल्डफिश आणि डिस्कस एका संपावर ठेवता येत नाहीत, रॅकवर त्या टाक्या कितीही दूर असल्या तरी.

एक हिशेब मांडून पाहू. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या सहा टाक्या घेतल्या, तर वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्येकीत सुमारे ४५ लिटर, म्हणजे एकूण २७० लिटर पाणी राहते. संपात आणखी ६० लिटर धरले तर ३३० लिटर होतात. आपल्याकडच्या हिवाळ्यासाठी लिटरमागे एक वॉट हा ठोकताळा घेतला, तर स्वतंत्र टाक्यांना ५० वॉटचे सहा हीटर लागतात आणि संपाला २०० वॉटचे दोन. ‘एकाच जागी तापवले की वीज वाचते’ हा समज इथे टिकत नाही. उष्णता काचेतून आणि पृष्ठभागावरून जाते, आणि संप जोडल्याने सहा टाक्यांची काच कमी होत नाही. उलट संपाची काच आणि पाइप यांची भर पडते. वीज खरोखर वाचते ती टाक्यांच्या मागच्या बाजूला आणि तळाखाली थर्माकोल लावल्याने, वर काचेचे झाकण ठेवल्याने, आणि ज्या टाकीला गरज नाही तिला न तापवल्याने. हे शेवटचे फक्त स्वतंत्र पाण्यातच शक्य आहे.

संपाच्या मांडणीत तापमान प्रवाहावरही अवलंबून असते. प्रत्येक टाकीला तासाला १५० लिटर पाणी मिळत असेल आणि थंड रात्री त्या टाकीतून ५० वॉट इतकी उष्णता जात असेल, तर ती टाकी संपापेक्षा फक्त ०.३ अंशाने थंड राहते. तिचा कॉक शेवाळाने तुंबून प्रवाह २० लिटरवर आला, तर हाच फरक दोन अंशांच्या घरात जातो. हीटर ठीक आहे, संपातला थर्मामीटर बरोबर दाखवतो, तरी कोपऱ्यातल्या एका टाकीतले मासे सुस्तावले आहेत, अशी तक्रार असेल तर आधी त्या टाकीचा कॉक पाहावा. पंप घेतानाही खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे लक्षात ठेवावे. चार-पाच फूट वर पाणी चढवताना तो बराच खाली येतो.

संपात ४०० वॉटचा एक हीटर न लावता २०० वॉटचे दोनच लावावेत. थर्मोस्टॅट चिकटून हीटर बंद होईनासा झाला, तर ४०० वॉट ते पाणी तासाला जवळपास एक अंशाने तापवत राहतात आणि त्यात सहाही टाक्या सापडतात. दोनांपैकी एकच चिकटला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि पाणी निम्म्याच जोराने तापते. शिवाय बाष्पीभवनाने सहा टाक्यांतून उडालेले सगळे पाणी संपाच्या शेवटच्या, पंप असलेल्या कप्प्यात कमी झालेले दिसते. हीटर तिथे ठेवला तर तो उघडा पडून तडकू शकतो. म्हणून पाण्याची पातळी न बदलणाऱ्या आधीच्या कप्प्यातच तो ठेवावा.

वीज गेल्यावर दोन्ही मांडण्यांचे धोके वेगळे असतात. संपाचा पंप थांबला की प्रत्येक टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत खाली येते. दोन सेंटिमीटर पातळी उतरली तरी एका टाकीचे ३.६ आणि सहांचे जवळपास २२ लिटर होतात, त्यात पाइपांतले पाणी मिळवायचे. तेवढी जागा संपात कायम रिकामी नसेल तर फरशीवर पाणी येते. सामायिक हवेत पाणी उलटे वाहून नळीतून पंपात शिरू शकते, म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा आणि प्रत्येक फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. पंप गॅलरीत न टांगता खोलीतच ठेवावा, म्हणजे टाकीत बाहेरची गार हवा जात नाही. एअर पंप दहा-वीस वॉटचा असतो आणि घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. हीटर मात्र कोणत्याही मांडणीत इन्व्हर्टरवर टाकू नये. ३०० वॉटचा भार बॅटरी काही तासांतच संपवतो, आणि थर्माकोल लावलेली टाकी तेवढ्या वेळात फारशी निवत नाही. थंडीत श्वास कोंडण्याचा धोका पाणी गार होण्यापेक्षा लवकर येतो.

हवेच्या मांडणीतली एक खोच इथे सांगायला हवी. हवा सर्वात सोपी वाट धरते, म्हणून उथळ टाकीत बुडबुडे उसळतात आणि खोल टाकीतला स्पंज मुका राहतो. प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र कॉक ठेवून उथळ टाक्यांचे कॉक आधी आवळावेत, आणि जास्तीची हवा सोडायला पाइपाच्या टोकाला एक कॉक किंचित उघडा ठेवावा, म्हणजे पंपाच्या आतल्या रबरी पडद्यावर ताण येत नाही. हीटर स्पंजच्या बुडबुड्यांच्या शेजारी लावला तर वर चढणारे पाणी ऊब टाकीभर नेते.

नाशिकच्या घरातल्या चार-सहा टाक्यांसाठी, त्यांत वेगवेगळ्या प्रकारचे मासे असतील किंवा पिल्ले वाढवायची असतील, तर माझे मत स्पष्टपणे सामायिक हवेच्या बाजूने आहे. स्पंज फिल्टर पिल्लांना ओढून घेत नाही, ही त्यात मोठी भर. मात्र सर्व टाक्यांत एकाच स्वभावाचे मासे असतील, उदाहरणार्थ फक्त डिस्कस, आणि आठवड्याला पाव पाणी बदलायचे असेल, तर संपच बरा. सहा टाक्यांत बादल्या ओतण्यापेक्षा एकाच जागी, क्लोरीन काढलेले आणि टाकीच्या तापमानाला आणलेले पाणी भरणे कितीतरी सोपे असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा संपावर एक लहान पंखा लावला की सहाही टाक्या दोन-तीन अंशांनी उतरू शकतात, हाही त्याचा फायदा. यांपैकी काहीही निवडले, तरी दुकानातून आणलेल्या नव्या माशांसाठी एक टाकी संपाला न जोडता स्वतःच्या स्पंजावर आणि स्वतःच्या ५० वॉटच्या हीटरवर वेगळी ठेवावी, आणि नवा मासा तीन-चार आठवडे तिथेच राहू द्यावा.