निळा पडलेला गिअर

‘डी’ला, म्हणजे पुढे जायच्या गिअरला, टाकली तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, मग एकदम झटका मारून निघते. चढावर आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा, वाढतो, इंजिन ओरडतं, पण वेग काही वाढत नाही. जुनी ऑटोमॅटिक सेडान वापरणारे गॅरेजमध्ये येतात ते बहुतेक अशाच तक्रारी घेऊन. गिअरबॉक्स ही बंद पेटी. मालकाला लक्षणं तेवढी कळतात. आतला बिघाड एका प्रकरणात मात्र चक्क रंगावरून ओळखला गेला.

२००४ च्या एप्रिलमध्ये होंडाने अमेरिकेतल्या सुमारे ११ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात व्ही-सिक्स इंजिनाची २००३-०४ ची अकॉर्डही होती, म्हणजे तिकडच्या मध्यमवर्गीय घरांची लाडकी सेडान. विशिष्ट परिस्थितीत तिच्या ऑटोमॅटिक पेटीतली दुसऱ्या गिअरची जोडी प्रमाणाबाहेर तापत होती. त्यामुळे दाताचा टवका उडू शकत होता, क्वचित गिअरच तुटू शकत होता. आणि तसं झालं तर धावत्या गाडीचा गिअरबॉक्स जाम.

बहुतेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी गिअरची मांडणी असते. होंडाने या पेटीत साध्या मॅन्युअल गाडीसारखे समांतर शाफ्ट ठेवले होते. गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्या. ऑइलच्या दाबाने ज्या जोडीचा क्लच आवळला जाईल, ती कामाला लागते. म्हणजे ऑइल इथे नुसतं वंगण नाही. इंजिन आणि गिअर यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेच पुढे नेतं, क्लच तेच दाबतं, दातांमध्ये तेच शिरतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. एकाच गड्यावर चार कामं टाकली की जे होतं तेच इथेही होतं: एखाद्या कोपऱ्यात तो कमी पडतो. ऑइल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दातांमधला त्याचा थर विरळ होतो, घर्षण वाढतं, आणि ऑइल आणखी तापतं.

आता रंगाचं. पोलाद तापवलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. थराची जाडी वाढत जाते तसा त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर दिसणाऱ्या रंगांमागेही हेच कारण. साधारण २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० च्या सुमाराला निळा. विळ्याला पाणी देणारा लोहार थर्मामीटर लावत नाही, हे रंगच वाचतो. आणि साध्या पोलादाची छिन्नी ग्राइंडरवर जरा जास्त वेळ धरली की तिची धार निळी पडते, हे कुठल्याही फिटरला माहीत असतं. ती धार मऊ झाली, वाया गेली. गिअरच्या दातांचंही तसंच. त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो. एवढ्या उष्णतेत तो कडकपणा उतरतो.

सगळ्याच जुन्या ऑटोमॅटिकांचं दुखणं दातात नसतं, हेही खरं. आरपीएम वाढून गाडी पळत नसेल तर संशय आधी क्लच प्लेटांवर जातो. त्या घसरल्या की त्यांच्या अस्तराची भुकटी ऑइलमध्ये उतरते, बारीक वाटा तुंबतात, दाब कमी होतो आणि प्लेटा आणखी घसरतात. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळई, असेल तर पुसून बघावी. लालसर ऑइल तपकिरी झालं असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर ते फार तापलेलं आहे.

होंडाचा इलाज मला फार शहाणपणाचा वाटतो. १५ हजार मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे २४ हजार किलोमीटरपेक्षा कमी धावलेल्या गाड्यांना ऑइलचा एक जादा फवारा बसवला, थेट दुसऱ्या गिअरवर पडेल असा. त्याहून जास्त धावलेल्यांचा गिअर आधी तपासायचा. रंग बदललेला नसेल तर त्यांनाही फवारा. रंग बदललेला दिसला तर मात्र पेटीच बदलायची, कारण एकदा मऊ पडलेला दात कितीही ऑइल पाजलं तरी पुन्हा कडक होत नाही.