रानपिंगळा

रानपिंगळा : (वनपिंगळा). मध्य भारतातील पानझडी जंगलांतच आढळणारे, सु. २३ सेंमी. लांबीचे लहान घुबड. शास्त्रीय नाव अथेने ब्लेविट्टी. हेटेरोग्लॉक्स ब्लेविट्टी हे जुने नावही चालते. गावाशेजारी, जुन्या वडांच्या ढोलीत नेहमी दिसणारा, गुजरातीत ‘चीबरी’ म्हटला जाणारा साधा पिंगळा याहून वेगळा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे करडे-तपकिरी दिसते. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खालचे पोट स्वच्छ पांढरे, पायांवर दाट पांढरी पिसे, चोच व नख्या आकारमानाच्या मानाने दणकट.

पक्षिशास्त्रज्ञ अ‍ॅलन ऑक्टेव्हिअन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. ब्लेविट यांनी आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागातून मिळवलेला नमुना त्याला आधार होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून काही नमुने जमवले. त्यांतला अखेरचा १८८४ चा. यानंतर खात्रीचा नमुना नाही. असे असता रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातील रानपिंगळ्याच्या एका कातड्यावर (पेंढा भरून जपलेल्या नमुन्यावर) ‘मांडवी, १९१४’ अशी चिठ्ठी होती. ही मांडवी तापीकाठची, सुरत जिल्ह्यातली. ही नोंद खरी धरल्याने पुढील शोधाची दिशा चुकली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की हे कातडे डेव्हिडसन यांचाच नमुना होता: ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. भरणी नव्याने केली, तरी डेव्हिडसन यांच्या हातची ढब त्यात शिल्लक राहिली होती. तत्पूर्वी, संशयित नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्यावर, रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पक्षी प्रत्यक्ष दिसला.

रानपिंगळ्याच्या प्रजातीबाबतही (जीनस) मतभेद आहेत. कवटी व हाडांच्या वेगळेपणावरून काहींनी त्याला स्वतंत्र हेटेरोग्लॉक्स प्रजातीत ठेवले. २०१८ मधील जनुकीय अभ्यास अथेनेच्या बाजूने जातो आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो.

रानपिंगळा दिवसा वावरतो. सागाच्या विरळ रानात निष्पर्ण फांदीच्या टोकाला उघडपणे बसतो आणि उत्तेजित झाला की शेपटी भराभर डावी-उजवीकडे हलवतो. सरडे व सापसुरळ्या हे मुख्य भक्ष्य. उंदीर, टोळ, बेडूकही चालतात. घरटे झाडाच्या नैसर्गिक ढोलीत. मादी अंडी उबवत असता नर तिला भक्ष्य आणून देतो. नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याचीही नोंद आहे.

मेळघाट, सातपुड्याचा तोरणमाळ-यावल भाग, खंडवा-बुऱ्हाणपूर ही मुख्य क्षेत्रे. तानसा येथेही तो आढळला आहे. गुजरातेतून डांगमधील पूर्णा अभयारण्यातील नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे मांडवीच्या खोट्या चिठ्ठीनंतर शतकभराने गुजरातच्या वाट्याला खरा रानपिंगळा आला.

आंतरराष्ट्रीय तांबड्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून २०१८ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. नवी ठिकाणे सापडणे हे त्याचे मोठे कारण. प्रौढ पक्षी हजाराच्या आत असावेत असा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रानपिंगळ्याला स्थान आहे. वृक्षतोड, वनजमिनीवरील शेती, वणवे, गलोलीने केलेली शिकार आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा हे धोके. संरक्षित क्षेत्राबाहेर जळणासाठी जुनी, पोकळ झाडेच आधी तोडली जातात. या पक्ष्याला ढोल्या त्याच झाडांत मिळतात.