किरीट-विवरांचे रेडिओ व अतिनील निरीक्षण

किरीट-विवर म्हणजे सूर्याच्या किरीटातील, अर्थात करोना या सर्वांत बाहेरच्या वातावरणातील, आजूबाजूपेक्षा विरळ आणि तुलनेने थंड असा प्रदेश होय. येथील चुंबकीय बलरेषा सूर्याकडे परत न वळता अवकाशात दूरवर पसरतात. त्यामुळे द्रव्य अडकून न राहता सेकंदाला 700 ते 800 किलोमीटर वेगाच्या सौरवाताच्या रूपाने बाहेर पडते. ‘विवर’ हे नाव काहीसे फसवे आहे, कारण सूर्यावर तेथे खड्डा नसतो आणि दृश्य प्रकाशातील सूर्यबिंबावर त्याची खूणही दिसत नाही. स्वित्झर्लंडचे माक्स वाल्डमायर यांनी 1950 च्या दशकात किरीटाच्या 530.3 नॅनोमीटरच्या हिरव्या वर्णरेषेत, बिंबाच्या कडेबाहेर, ही रिकामी जागा प्रथम ओळखली. बिंबावरील तिचे सविस्तर रूप मात्र 1973–74 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकावरील क्ष-किरण व अतिनील उपकरणांनी दाखवले.

अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या 19.3 नॅनोमीटरजवळील अतिनील प्रारणात विवर जवळजवळ काळे दिसते. या प्रारणाची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता निम्मी झाली की तेज चौथाईवर येते, शिवाय कमी तापमानामुळे असे आयनही कमी असतात. सौरतंतू, म्हणजे किरीटात तरंगणारे थंड व दाट द्रव्याचे पट्टे, हेही याच प्रतिमेत काळे दिसत असल्याने केवळ काळेपणावरून विवर ठरवणे धोक्याचे असते; त्या जागी एकाच ध्रुवतेचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ आहे का, हे पाहावे लागते. हीलियमच्या 1083 नॅनोमीटरच्या अवरक्त शोषणरेषेत तर चित्र उलटते, कारण तेथे शोषण घटून विवर उजळ दिसते. सोहो या सूर्यनिरीक्षक यानावरील वर्णपटमापकाने निऑनच्या 77 नॅनोमीटरच्या रेषेत आढळलेले नीलसरण (रेषेचे कमी तरंगलांबीकडे सरकणे) द्रव्य बाहेर वाहत असल्याचे दाखवते, आणि हा प्रवाह वर्णगोलातील (किरीटाखालच्या थरातील) चुंबकीय जाळीच्या कडांवर अधिक ठळक असतो.

रेडिओ लहरींत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ज्या थरात प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) नैसर्गिक वारंवारता लहरीच्या वारंवारतेइतकी होते, त्याच्या खालून ती लहर बाहेर येऊ शकत नाही. घन सेंटीमीटरमागे 10 कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ही मर्यादा सुमारे 90 मेगाहर्ट्झ असते. उंचीनुसार घनता घटत जाते, म्हणून वारंवारता निवडणे म्हणजे बव्हंशी उंची निवडणे. काही शे मेगाहर्ट्झला विवर काळसर दिसते, पण त्याहून बऱ्याच कमी वारंवारतेला तेच विवर कधीकधी भोवतालापेक्षा उजळ होते. विवराच्या कडेशी होणारे लहरींचे अपवर्तन (वळणे) व प्रकीर्णन (विखुरणे) हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते. उच्च वारंवारतेच्या टोकाला, जपानमधील नोबेयामा येथील 17 गिगाहर्ट्झच्या प्रतिमांत ध्रुवीय प्रदेश उजळ आढळतात. मात्र हे प्रारण मुख्यतः वर्णगोलाच्या वरच्या भागातून येते, त्यामुळे त्यावरून किरीटाबद्दल थेट अनुमान काढता येत नाही.

अतिनील व रेडिओ ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वापरण्याचे खरे कारण मूलद्रव्यांच्या प्रमाणाशी निगडित आहे. लोहाच्या रेषेची तीव्रता लोह किती आहे यावरही ठरते, तर औष्णिक रेडिओ प्रारण प्रामुख्याने इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन-हीलियमच्या आयनांच्या परस्परक्रियेतून येते. त्यामुळे अतिनीलवरून बांधलेले घनता-तापमानाचे प्रतिमान रेडिओ मापनाशी जुळले नाही, तर गृहीत धरलेले लोहाचे प्रमाण आधी तपासावे लागते.