मदर जोसेफ यांचा रंधा आणि सरहद्दीवरची रुग्णालयं

8 डिसेंबर 1856 रोजी मॉन्ट्रियलहून आलेल्या पाच कॅथलिक सिस्टर, म्हणजे धर्मकार्याला वाहून घेतलेल्या जोगिणी, फोर्ट व्हँकुव्हरला उतरल्या. हे कॅनडातलं शहर नव्हे, तर कोलंबिया नदीकाठी, अमेरिकेच्या आजच्या वॉशिंग्टन राज्यातलं ठाणं. न्यूयॉर्कहून जहाज, मग पनामाची चिंचोळी पट्टी, पुन्हा जहाज, असा महिन्याभराहून जास्त प्रवास झाला होता. पोचल्यावर बिशपच्या घराच्या माळ्यावर त्यांची तात्पुरती सोय झाली.

या तुकडीच्या प्रमुख मदर जोसेफ. मूळ नाव एस्थर पारिझो, जन्म क्विबेकमधला, 1823 चा. वडील घोडागाड्या बनवायचे. त्यांच्या कारखान्यातच मुलीने करवत आणि रंधा हाती धरला, आणि तेच शिक्षण पुढे सगळ्यात जास्त कामी आलं, असं मला ठामपणे वाटतं. 1858 मध्ये त्यांनी पहिलं रुग्णालय उघडलं, अवघ्या चार खाटांचं. पुढे इमारतींचे आराखडे त्या स्वतः काढत, तुळयांवर चढून मजबुती तपासत, आणि काम कच्चं दिसलं तर उखडून पुन्हा करत.

पैसा कुठून यायचा? सरकारी आरोग्यव्यवस्था जवळपास नव्हतीच, आणि खाणकामगार, लाकूडतोडे जखमी होत तेव्हा घरचं माणूस शेकडो कोसांवर. म्हणून या सिस्टर घोड्यावरून खाणींच्या वस्त्यांवर झोळी घेऊन जात. पगाराची अपेक्षा नसल्यामुळेच हा संसार तरला. 1859 मध्ये या सिस्टरांच्या संस्थेची कायदेशीर नोंदणी झाली, 1875 मध्ये पोर्टलंडला सेंट व्हिन्सेंट रुग्णालय सुरू झालं आणि 1877 मध्ये सिएटलजवळ गरीब आजाऱ्यांची जबाबदारी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, त्यांच्याकडे सोपवली.

याच कामाची दुसरी बाजू मात्र जड मनाने सांगावी लागते. 1864 मध्ये चार सिस्टर घोड्यावरून मोंटानातल्या सेंट इग्नेशियसला गेल्या आणि तिथे मूळनिवासी मुलींची शाळा उभी राहिली. अशा निवासी शाळांना पुढे सरकारी पैसा मिळाला. लेकरं आई-बापांपासून तुटली, त्यांची भाषा तुटली. सिस्टरांची निष्ठा खरी होती, पण तेवढ्याने ही जखम लहान ठरत नाही.

1902 मध्ये मदर जोसेफ वारल्या. व्हँकुव्हरमधली त्यांची प्रॉव्हिडन्स अकॅडमी, ही शाळेची विटांची इमारत, आजही उभी आहे. तिच्या प्रार्थनागृहात त्यांच्या हातचं लाकडी कोरीवकाम पाहायला मिळतं.